पहिलं काडतूस किती पावडरचं?

पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरायला घेतली की सामान फार लागत नाही. रिकाम्या पुंगळ्या, गोळ्या, प्रायमर, पावडरचा एक डबा, प्रेस, वजनकाटा आणि एक मॅन्युअल, एवढ्यावर काम सुरू होतं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक पावडरसमोर दोन आकडे छापलेले असतात, एक सुरुवातीच्या चार्जचा आणि दुसरा कमाल चार्जचा. नव्या माणसाची नजर हमखास दुसऱ्या आकड्याकडे जाते. कारखान्यातून आलेलं काडतूस त्याच्या आसपासच भरलेलं असणार, मग खालून सुरुवात करून वेळ आणि पावडर कशाला दवडायची, असा तो हिशेब असतो. हा हिशेब का चुकतो ते या लेखात सांगायचं आहे. सुरुवातीचा आकडा म्हणजे भित्र्या माणसाची सोय नव्हे. आपल्या हातातली गोळी, पुंगळी, नळी आणि काटा यांच्याबद्दल आपल्याला जे मोजता येत नाही, त्यासाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. त्या जागेचा आदर वरून जितका करायचा तितकाच खालूनही करायचा असतो, आणि नेमकं तेच फारसं सांगितलं जात नाही.

आधी कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो. राज्याचे आणि शहराचे नियम, विशेषतः घरात किती पावडर आणि किती प्रायमर ठेवायचे याचे, वेगवेगळे आहेत आणि ते आधी वाचायला हवेत. भारतात शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. म्हणून हे लिखाण जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. महाराष्ट्रात पिस्तूल नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आणि तिचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं 25 मीटर पिस्तुलातलं सुवर्ण डोळ्यांसमोर येतं. त्या प्रकारात .22 रिमफायर काडतूस वापरतात. त्याचं प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असल्यामुळे ते पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. आपला विषय सेंटरफायर काडतुसांचा आहे, म्हणजे 9 मिमी ल्युगर, .38 स्पेशल, .45 एसीपी यांचा.

या काडतुसांत पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण 65 मिलिग्रॅमचा. 9 मिमीच्या नेहमीच्या जलद पावडरींमध्ये सुरुवातीच्या आणि कमाल चार्जमधलं अंतर बऱ्याचदा अर्ध्या ग्रेनच्या आसपास असतं. म्हणजे सगळी सुरक्षित पट्टी तीसेक मिलिग्रॅमची, आणि घरगुती डिजिटल काट्याची अचूकता अधिक-उणे 0.1 ग्रेन. काटा एका बाजूला 0.1 ने चुकला आणि पावडर मेजरने टाकलेला चार्ज त्याच बाजूला आणखी 0.1 ने सरकला, तर पट्टीचा 40 टक्के भाग काहीही न कळता संपून जातो. रायफलच्या पन्नास ग्रेनच्या चार्जमध्ये एवढी चूक विरून जाते, पिस्तुलाच्या चार-पाच ग्रेनमध्ये विरत नाही. कमाल आकड्यावरून सुरुवात करणारा माणूस आपला काटा निर्दोष आहे असं गृहीत धरतो, आणि ते गृहीतक तपासायला त्याच्याकडे बहुधा दुसरा काटाही नसतो. तपासणीच्या वजनांचा एक छोटा संच या सगळ्या सामानात स्वस्तातला आहे. तरी तोच सर्वांत कमी विकत घेतला जात असावा, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट जागेची. पावडर किती टाकली यावर दाब ठरतो हे खरं, पण ती किती जागेत जळते यावरही तो तितकाच ठरतो. 9 मिमीची पुंगळी जास्तीत जास्त 19.15 मिमी लांब असते आणि तिच्या आत सगळं मिळून 0.86 घनसेंटिमीटरच्या आसपास जागा असते. समजा गोळी 15 मिमी लांब आहे आणि भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी 29 मिमी ठेवली. 19.15 आणि 15 यांच्या बेरजेतून 29 वजा केले की गोळी पुंगळीत 5.15 मिमी आत बसली हे कळतं. आता त्याच वजनाची पण 16 मिमी लांब गोळी घ्या आणि एकूण लांबी तीच ठेवा. गोळी एक मिलिमीटर जास्त आत जाते. पावडरसाठी उरलेली जागा मुळात अर्ध्या घनसेंटिमीटरपेक्षा जराशीच जास्त होती, ती या एका मिलिमीटरने साधारण 12 टक्क्यांनी घटते. गोळीचं वजन तेच, पावडर तीच, काट्यावरचा आकडाही तोच, पण काडतूस वेगळं झालं. शिसं नसलेल्या सबंध तांब्याच्या गोळ्यांत हा फरक हटकून येतो, कारण तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब करावी लागते.

दाबाच्या बाबतीत 12 टक्के जागेची किंमत 12 टक्के नसते. धूररहित पावडरचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. स्पिअर कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये नोंदवलेला 9 मिमीचा प्रयोग या विषयावर नेहमी सांगितला जातो, आणि सांगितला जावा अशाच योग्यतेचा आहे. गोळी 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, मुद्दाम जास्त खोल बसवल्यावर 28,000 सीयूपीचा (सीयूपी हे दाबाचं जुनं एकक) दाब 62,000 सीयूपीवर गेला. तो पावडरच्या एका कणाचीही भर न घालता दुपटीवर गेला. हा आकडा एका विशिष्ट जोडणीचा आहे, प्रत्येक पावडरला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. पण पाऊण मिलिमीटर म्हणजे चेंबरमध्ये दोन-चारदा भरून काढलेल्या काडतुसातली गोळी पिस्तुलाच्या रॅम्पवर आपटून जितकी आत सरकू शकते तितकंच अंतर आहे. कमाल चार्जवर भरलेल्या काडतुसाला असं सरकणं परवडत नाही. सुरुवातीच्या चार्जवर भरलेल्याला निदान श्वास घ्यायला जागा असते.

म्हणून चार्ज निवडताना पहिला प्रश्न पावडरचा नसून गोळीचा असतो. वजन, बनावट आणि लांबी या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मॅन्युअलमध्ये 124 ग्रेनची जॅकेटवाली गोळी असेल तर तो आकडा 124 ग्रेनच्या कुठल्याही गोळीचा होत नाही. शिशाची गोळी नळीत जॅकेटवाल्या गोळीपेक्षा कमी अडते, तिचा तक्ता वेगळा असतो. नुसता तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीसाठी गोळी बनवणाऱ्याने जे सांगितलं असेल ते पाळायचं, आणि त्याने काहीच सांगितलं नसेल तर शिशाच्या गोळीच्या सुरुवातीच्या आकड्यापासून निघायचं. गोळीच्या उत्पादकाचं मॅन्युअल आणि पावडरच्या उत्पादकाचा तक्ता, दोन्ही समोर ठेवावेत. दोघांचे सुरुवातीचे आकडे वेगळे निघाले तर त्यांची सरासरी काढू नये, दोन्हींतला लहान आकडा घ्यावा. काही तक्ते, उदाहरणार्थ अलायंटचे, फक्त कमाल चार्ज देतात आणि त्यातून 10 टक्के कमी करून सुरुवात करायला सांगतात. ती सूचना आकड्यांच्या शेजारी नसते, आधीच्या पानावर असते, आणि घाईत तीच वाचायची राहते.

आपली गोळी कुठल्याच तक्त्यात सापडली नाही तर? तेव्हा त्याच बनावटीच्या, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त वजनाच्या गोळीचा सुरुवातीचा आकडा घेता येतो, मात्र आपली गोळी तिच्यापेक्षा खोल बसणार नाही हे वर दाखवलेल्या वजाबाकीने तपासून. हलक्या गोळीचा आकडा जड गोळीला कधीही लावू नये. आणि आपल्या पिस्तुलाचं चेंबर आखूड असल्यामुळे गोळी तक्त्यातल्या लांबीपेक्षा आत बसवावीच लागत असेल, तर मॅन्युअलचा सुरुवातीचा आकडा आपल्यासाठी सुरुवातीचा उरलेलाच नसतो, तो आपल्या पिस्तुलात कदाचित मधला झालेला असतो. अशा वेळी अंदाजाने आकडा कमी करत बसण्यापेक्षा गोळी बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे. आखूड नाकाची, त्या लांबीला चाचणी झालेली गोळी बाजारात मिळते. गोळीचं एक पाकीट वाया जाणं सोसता येतं.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप असा की जुन्या मॅन्युअलांत आकडे मोठे होते, ते लोक मेले नाहीत, आणि आजचे आकडे वकिलांनी कापलेले आहेत. यातली अर्धी गोष्ट खरी आहे, काही जुने आकडे खरोखर मोठे होते. पण ते कसे काढले होते हे पाहायला हवं. काही ठिकाणी दाब मोजण्याची नळीच नव्हती, पुंगळी किती फुगली आणि प्रायमर कसा दिसतो यावरून ठरवलं जाई. जिथे मोजमाप होतं तिथे तांब्याची छोटी नळकांडी किती दबली यावरून दाब काढत, त्याचंच एकक सीयूपी. आज पिझो क्रिस्टलने दाबाचा आलेख क्षणाक्षणाने मिळतो आणि तांब्याच्या नळकांडीला न दिसलेली अणकुचीदार शिखरं त्यात दिसतात. सीयूपीचा आकडा पीएसआयमध्ये सरळ बदलताही येत नाही. शिवाय त्याच नावाच्या डब्यात आज असलेली पावडर साठ वर्षांपूर्वीच्या पावडरसारखीच जळेल याची हमी कोणी देत नाही. आकडा लहान होण्याचं कारण मोजमाप सुधारणं हे असेल, तर लहान आकडाच जास्त खरा आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचारपूर्वक केला जातो. आकड्यांवर अंधविश्वास नको, थोडं थोडं वाढवत जा आणि दाबाच्या खुणा दिसल्या की थांबा. प्रायमर चपटा झाला की समजायचं. रायफलच्या दाबांना ही पद्धत थोडीफार लागू पडते, पिस्तुलाला पडत नाही, आणि याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या सॅमी या अमेरिकन उत्पादक संस्थेने .38 स्पेशलचा कमाल सरासरी दाब 17,000 पीएसआय ठरवलेला आहे आणि 9 मिमी ल्युगरचा 35,000 पीएसआय. दोन्हींत बसणारा प्रायमर एकच, स्मॉल पिस्तूल. म्हणजे .38 मध्ये चुकून दुप्पट दाब झाला, तरी त्याचा प्रायमर 9 मिमीच्या रोजच्या प्रायमरइतकाच निवांत दिसेल. जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मात्र तितका निवांत राहणार नाही. .45 एसीपीची मर्यादा 21,000 पीएसआय आहे, तिथेही प्रायमर बोलेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. प्रेशर कुकरला शिट्टी असते, पिस्तुलाला नाही. खूण दिसली नाही म्हणजे दाब ठीक आहे, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवाचा. अमुक मित्राने हाच चार्ज हजारो वेळा झाडला, काही झालं नाही. त्याच्या पिस्तुलात झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याची नळी, त्याचं चेंबर, त्याच्या डब्याचा लॉट आणि त्याच्या पुंगळ्या वेगळ्या. काही 9 मिमी पुंगळ्यांच्या आत एक पायरी असते, तिने जागा आणखी कमी होते. सरमिसळ पुंगळ्या उचलून आणणाऱ्याला ती डोकावून पाहिल्याशिवाय दिसत नाही. आणि पिस्तूल कारखान्यात कमाल दाबाच्या 30 ते 40 टक्के वरच्या प्रूफ काडतुसाने तपासलेलं असतं, हे कोणी पुढे केलं तर त्याचं उत्तर सोपं आहे. ती तपासणी मोजक्या काडतुसांची असते. धातूने ती एकदा सोसली म्हणून रोज सोसावी असं तिच्यातून निघत नाही.

मग कोणी म्हणेल, एवढीच भीती असेल तर सुरुवातीच्या आकड्याच्याही खालून निघू. इथे मात्र हा लेख वाचून सावध झालेला माणूसच चुकण्याची शक्यता जास्त. पावडर फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि जॅकेटवाली गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लवकर अडकते. आवाज नेहमीचा येत नाही, फुस्स झाल्यासारखा येतो, धक्का जवळजवळ बसत नाही. त्या क्षणी पुढची गोळी झाडली तर ती अडकलेल्या गोळीवर आदळते, आणि नळी फुगते किंवा फाटते. असा आवाज आला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे हे सळई घालून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. काही मंद पावडरींना तर खाली जायची मोकळीकच नसते. मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी वापरली जाणारी हॉजडनची एच110 आणि विंचेस्टरची 296 ही एकच पावडर दोन नावांनी विकली जाते, आणि तिचा चार्ज तक्त्याच्या खाली 3 टक्क्यांहून जास्त कमी करू नये असा हॉजडनचा इशारा आहे, कारण ती नीट पेट घेत नाही. नव्याने भरायला शिकणाऱ्याने अशी पावडर घ्यायचीच कशाला?

पावडरची निवड हाही सुरुवातीच्या चार्जचाच भाग आहे, आणि इथे एक निकष मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: एका चार्जने पुंगळी अर्ध्याहून जास्त भरली पाहिजे. तशी पावडर असेल तर चुकून दोनदा टाकली की ती पुंगळीच्या तोंडातून सांडते आणि चूक स्वतःच उघडी पडते. .38 स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातली, म्हणून ऐसपैस. तिच्यात बुल्सआय किंवा टायटग्रूपसारख्या दाट पावडरचे तीनेक ग्रेन तळाशी कुठेतरी पडून राहतात. तिथे दुहेरी चार्जही सहज मावतो, आणि वरून पाहणाऱ्याला पुंगळी रिकामीच वाटते. नेमबाज या पावडरी आवडीने वापरतात, त्या वाईट नाहीत. पण शिकाऊ माणसाने फुललेली, जागा व्यापणारी पावडर घ्यावी, पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कराव्यात, आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्चच्या उजेडात प्रत्येकीत पावडरची पातळी पाहावी. नावांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवावेत. अलायंटची युनिक आणि हॉजडनची युनिव्हर्सल या वेगळ्या पावडरी आहेत. व्हीटावुओरीची एन310 जलद आणि एन350 मंद. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा, आणि मेजरमध्ये उरलेली पावडर काम संपताच त्याच डब्यात परत जावी. लेबल निघालेल्या डब्यातली पावडर रंगावरून ओळखता येत नाही, ती टाकूनच द्यायची.

आता प्रत्यक्ष चढण. सुरुवातीच्या चार्जवर पाचच काडतुसं भरा, मग 9 मिमीसाठी 0.1 ग्रेनने आणि .45 साठी 0.2 ग्रेनने वर जात प्रत्येक पायरीवर पाच-पाच. दोनशे भरून ठेवू नका, नको असलेली काडतुसं नंतर एकेक करून फोडावी लागतात. पहिल्या पायरीवर स्लाइड पूर्ण मागे गेली नाही आणि पुंगळी अडकली तर घाबरण्यासारखं काही नाही. स्प्रिंग कारखान्याच्या काडतुसासाठी बसवलेली असते, एक-दोन पायऱ्या वर गेल्यावर ती बहुधा नीट चालते. शक्य असेल तर क्रोनोग्राफ वापरा. दाब आपल्याला मोजता येत नाही, पण वेग मोजता येतो, आणि तेवढ्याच लांबीच्या नळीत मॅन्युअलच्या कमाल वेगाला आपण आधीच पोहोचलो असू, तर काट्यावर आकडा कितीही कमी दिसला तरी कमाल दाब आला असं धरून चालायचं. वेग वाढल्याशिवाय दाब वाढला असं होऊ शकतं, पण जास्तीचा वेग दाबाशिवाय फुकट मिळत नाही.

वर जाण्याचं कारणही स्वतःला विचारावं. आयपीएससी आणि यूएसपीएसएच्या स्पर्धांत मायनर गटाला 125 पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन केलेला गुणाकार 1000 ने भागायचा. 124 ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सेकंदाला 1010 फूट पुरतात, आणि कारखान्याची नेहमीची 9 मिमी काडतुसं त्याच्या बरीच पुढे असतात. कागदी लक्ष्यावर भोक पाडायला तर तेवढाही वेग लागत नाही. म्हणजे ज्या कामासाठी बहुतेक लोक काडतुसं भरतात, ते काम पट्टीच्या खालच्या अर्ध्यातच होऊन जातं. पिस्तूल विनाअडथळा चाललं आणि गोळ्या एका जागी पडल्या की तिथेच थांबायचं. तक्त्याचं शीर्षकही वाचायचं: .45 कोल्टच्या काही चार्जवर ते फक्त रुगरच्या मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी असल्याचं छापलेलं असतं, ते आकडे शंभर वर्षांपूर्वीच्या पिस्तुलात घालायचे नसतात.

ठरलेल्या चार्जच्या प्रत्येक खोक्यावर पावडरचं नाव आणि लॉट, चार्ज, गोळी, प्रायमर, एकूण लांबी आणि तारीख लिहा. यांतली कुठलीही एक गोष्ट बदलली, नवा डबा उघडला, प्रायमर दुसऱ्या कंपनीचा आला किंवा गोळीचा आकार बदलला, की थोडं मागे येऊन पाच काडतुसांपासून पुन्हा चढायचं. आणि गोळी किंवा पावडरच बदलली असेल तर मॅन्युअल नव्याने उघडून त्या पानावरच्या पहिल्या आकड्यापासून.